भागले की संख्या कमीच होते, हा दावा टिकत नाही

उमरेड-भिवापूर पट्ट्यातील पालकांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरत आहे. भागणे म्हणजे समान वाटणी करणे, म्हणून भागल्यावर संख्या लहानच होते. शून्याने भागले तर वाटणी होतच नाही, म्हणून संख्या जशीच्या तशी राहते. आणि 'एवढ्यात भागते' हा खेड्यातला अशुद्ध प्रयोग आहे, असे त्यात ठामपणे लिहिले आहे. मुले हे पाठ करू लागली आहेत, म्हणून उत्तर देणे आवश्यक वाटते.

वाटणी हा भागण्याचा एक अर्थ झाला. दुसरा अर्थ मापण्याचा आहे आणि आपल्या व्यवहारात तो पावलोपावली लागतो. बचत गटातल्या बाया भिवापुरी मिरचीचे 10 किलो तिखट पाव-पाव किलोच्या पुड्यांत भरतात, तेव्हा कोणाला वाटा द्यायचा नसतो. 10 किलोत पाव किलो किती वेळा बसतो, एवढेच काढायचे असते. 10 ला 0.25 ने भागले की 40 येतात, आणि तेवढ्या पिशव्या आधीच आणून ठेवाव्या लागतात. संदेशावर विसंबलेले मूल हे बरोबर आलेले 40 'वाढले कसे?' म्हणून खोडून टाकेल, ही माझी खरी चिंता आहे. सातबाऱ्यावरील 0.81 हेक्टरचे एकर काढताना आपण 0.405 ने भागतो, आणि उत्तर 2 येते. भाजक शून्याहून मोठा पण एकाहून लहान असला की उत्तर वाढते. एकाहून मोठा असला तरच ते घटते.

बोलीवरील आक्षेपात तथ्य नाही. 'दोन पायल्या जवारीत हप्ता भागते' (म्हणजे आठवडा निघतो) असे आपल्याकडे म्हणतात, तसेच 'तहान भागली' आणि 'पगारात भागत नाही' असे सगळा महाराष्ट्र म्हणतो व लिहितो.

शून्याचा मुद्दा जुना आहे. शून्याने भागलेली संख्या तशीच राहते, असे नवव्या शतकात गणिती महावीराचार्यांनीही म्हटले होते. परंतु 1150 च्या सुमारास भास्कराचार्यांनी अशा राशीला 'खहर' म्हणून ती अनंत मानली. आपण साधा ताळा करून पाहावा. 10 ला 2 ने भागून 5 आले, कारण 5 दुणे 10 होतात; 10 ला शून्याने भागून 10 येत असतील, तर 10 ला शून्याने गुणून पुन्हा 10 यायला हवेत, पण येते शून्य. शून्याने गुणल्यावर 10 देईल अशी संख्याच नाही, म्हणून आजच्या अंकगणितात या भागाकाराला उत्तर दिलेले नाही.