माझी माय जिवंत आहे, हे घरी येऊन बघा

कापसाचं बोंड फुटलं की त्याच्या पाकळ्या वाळून काट्यासारख्या टोकदार होतात. आठ-दहा दिवस सलग वेचणी केली की बोटांच्या पेरांवर बारीक चिरा पडतात, रेषा झिजून जातात. नोव्हेंबरात माझ्या मायची बोटं अशी असतात. आणि हयातीचा दाखलाही तिला नोव्हेंबरातच द्यावा लागतो.

बाबांनी 17 वर्षं फौजेत काढली, हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि 2018 मध्ये गेले. आता मायला फॅमिली पेन्शन आहे. मागच्या वर्षी दाखल्यासाठी मी तिला तालुक्याच्या सेवा केंद्रात चार वेळा नेलं. मशीनवर अंगठा ठेवला, नाही उमटला. मग तर्जनी, मग दुसरा हात. केंद्रातल्या पोराने खोबरेल तेल लावून पाहिलं, ओल्या फडक्याने पुसून पाहिलं. त्या पोराचा काही दोष नव्हता. चौथ्या खेपेला माय त्याला म्हणाली, "मी त तुह्या समोर उभी हावो बाप्पा, मंग त्या मशिनीले काहून दिसत नाई?"

शेवटी चेहरा दाखवून दाखला होतो, असं एका फौजी काकांनी सांगितलं. आमच्याकडे नेटवर्क फक्त देवळाच्या ओट्यावर येतं. तिथे मायला उभं केलं, माझ्या मोबाईलवर तिचा चेहरा घेतला आणि झालं. पण तोवर दोन महिन्यांची पेन्शन थांबली होती. नंतर ती मिळाली, मान्य. मात्र त्या दोन महिन्यांचं औषध आणि किराणा उधारीवर आला. चार खेपांच्या मजुऱ्या बुडाल्या त्या वेगळ्या.

हे सगळं लिहिण्याचं कारण सांगते. मी अंगणवाडी सेविका आहे. गावातल्या प्रत्येक लेकराचं वजन मी दर महिन्याला करते आणि पोषण ट्रॅकर ॲपवर भरते. पल्स पोलिओला घरोघर जाते. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची अधिकारी म्हणून मतदार यादी घेऊन दारोदार फिरते. 2024 च्या लोकसभेला 85 वर्षांवरच्या मतदारांना घरूनच मत देता येत होतं. आमच्या गावात एका आजीचं मत घ्यायला मतदान अधिकारी, पोलीस आणि व्हिडिओ काढणारा माणूस अशी सगळी मंडळी चिखल तुडवत आली. आजी बाजेवर बसली होती, तिथेच पुठ्ठ्याचा आडोसा केला आणि मत घेतलं. मला तो दिवस फार चांगला वाटला. सरकारला यायचं असेल तर ते बाजेपर्यंत येऊ शकतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मग फौजीच्या विधवेच्या दारात ते का येत नाही?

यायची सोय कागदावर आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक नावाचं पद असतं. हे बहुतेक माजी सैनिकच असतात. गावोगाव जाऊन सैनिकांच्या कुटुंबांच्या अडचणी समजून घेणं हेच त्यांचं काम. आमच्या गावात दोन पेन्शनर, तीन विधवा आणि सध्या नोकरीत असलेली नऊ पोरं आहेत. बाबा गेल्यापासून मी तरी कुणी आलेलं पाहिलं नाही. मी त्या माणसांना दोष देत नाही. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात किती माणसं आणि किती गाड्या आहेत, हेही कुणी विचारायला हवं. पण कोणत्या तारखेला कोणत्या गावात येणार, याचा तक्ता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला किती खर्च येतो?

बाबा गेल्यावर जे झालं ते तर अजून सांगितलंच नाही. आपल्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. मायचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. बाबांनी लग्नानंतर युनिटमध्ये कळवलं तेव्हा माहेरचं नाव सांगितलं आणि पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या दप्तरातली नोंद, त्याच नावाने निघाली. आधार, रेशन कार्ड, बँक या सगळीकडे सासरचं नाव. रेकॉर्डला बायको एक आणि दारात विधवा दुसरीच. मग दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला, राजपत्रात नाव, मग फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पोस्ट. एक पत्र परत आलं, कारण मायच्या जन्मतारखेत वर्षाचा फरक होता. मायचा जन्म दवाखान्यात झाला नव्हता. तिची तारीख शाळेच्या मास्तरांनी लावली होती, 1 जून. आमच्या पिढीपर्यंत अर्ध्या गावाचा वाढदिवस 1 जूनच आहे. हे जिल्ह्यातल्या प्रत्येक बाबूला माहीत आहे, तरी दरवेळी त्यावर नवीन शेरा पडतो.

14 महिने लागले. त्या 14 महिन्यांत एकाही माणसाने "हे माझं काम आहे, मी करून देतो" असं म्हटलं नाही. जिल्ह्याचं कार्यालय राज्य सरकारचं. रेकॉर्ड आणि पेन्शन केंद्राचं. पेन्शनचे पैसे आता प्रयागराजहून स्पर्श नावाच्या प्रणालीतून येतात. ज्याला विचारावं तो दुसरीकडे बोट दाखवतो, आणि माझ्या मायचं बोट तर उमटतच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की बाबा नोकरीत होते तोपर्यंत ते कोणत्या चौकीवर, किती वाजता पहाऱ्याला आहेत हे सरकारला ठाऊक होतं. सुट्टीवर आले तर परत कधी हजर व्हायचं याची तारीख पक्की असायची, एक दिवस उशीर झाला तर जाब असायचा. मग त्यांच्या माघारी त्यांची बायको कोण आहे आणि कुठे आहे, हे शोधायचं काम एकदम बायकोवर कसं आलं? आणि सरकारला उशीर झाला तर जाब कुणी द्यायचा?

आमच्या गावात एक आबा आहेत. 62 च्या लढाईनंतर मोठी भरती झाली तेव्हा ते गेले, 65 ला सीमेवर होते आणि काही वर्षांनी घरी आले. पेन्शनला 15 वर्षं नोकरी लागते, तेवढी झाली नाही. म्हणून पेन्शन नाही. अशा 65 वर्षांवरच्या, पेन्शन नसलेल्या, हवालदार पदापर्यंतच्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून महिन्याला 4,000 रुपये मिळायचे. ऑक्टोबर 2025 मध्ये ते 8,000 केले. मुलांच्या शिक्षणाची मदत महिन्याला 1,000 ची 2,000 आणि मुलीच्या लग्नाची 50,000 ची 1 लाख झाली. 1 नोव्हेंबर 2025 नंतरच्या अर्जांना हे लागू आहे. चांगला निर्णय आहे, मनापासून धन्यवाद. पण आबांना 4,000 सुद्धा कधी मिळाले नाहीत. त्यांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं पुस्तक, पेटीतच वाळवीने खाल्लं. उरलेला तुकडा ते प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात, त्यावर नंबर अर्धा दिसतो. आबा म्हणतात, "नंबर मले तोंडपाठ हाय, झोपीतून उठवून इचारा." त्या नंबरवरून सरकारनेच आपल्या दप्तरात आबांना शोधावं. लिहून घ्यायला मी तयार आहे.

आणि हा पैसा येतो कुठून? सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतून. 7 डिसेंबरचा ध्वजदिन 1949 पासून पाळला जातो. लहानपणी आम्ही शाळेत दप्तराला ते छोटे झेंडे लावायचो, घरून पैसे आणायचो. आजही आमच्याकडे कर्मचाऱ्यांकडून, ग्रामपंचायतीकडून निधी गोळा होतो, त्याचं उद्दिष्ट ठरतं, उद्दिष्ट पूर्ण करणाऱ्यांचा सत्कार होतो. मी दरवर्षी देते आणि देत राहीन. फक्त मला एक आकडा हवा आहे: आमच्या तालुक्यातून किती गेले आणि आमच्या तालुक्यातल्या किती घरांत ते परत आले. गोळा करताना गावापर्यंत येता, तर हिशेबही गावापर्यंत आणा.

घरपट्टीचं थोडक्यात सांगते. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी माफ करणारी, बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाची माजी सैनिक सन्मान योजना राज्याने 2020 मध्ये आणली. मी शासन निर्णयाची प्रिंट घेऊन गेले. उत्तर मिळालं, "आमच्याकडे वरून लेखी आलं नाही." शासन निर्णय लेखी नसतो तर काय असतो? तीन वेळा गेल्यावर माफी मिळाली. गावातल्या दुसऱ्या विधवेने मात्र पूर्ण भरली, कारण तिच्यासाठी प्रिंट घेऊन जाणारं कुणी नाही.

आता अग्निवीर, म्हणजे फौजेत चार वर्षांसाठी भरती होणारी पोरं. पहाटे पाचला मी उठते तेव्हा आमच्या डांबरी रस्त्यावर पोरं धावत असतात. सोयाबीनचा भाव पडलाय, तुरीचा भरोसा नाही, शेत दोन-तीन एकर. या पोरांना भरतीच दिसते. त्यांची उमेद मी मोडणार नाही, त्यातला एक माझ्या भावाचा मुलगा आहे. पण बुलडाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अक्षय गवते ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना गेला, तेव्हापासून भावाचं पोरगं धावताना पाहिलं की छातीत धस्स होतं. कर्तव्य बजावताना जीव गेलेला तो पहिला अग्निवीर म्हणून देशाला माहीत झाला. सैन्याने तेव्हा कुटुंबाला काय मिळणार हे जाहीर केलं: 48 लाखांचा विमा, 44 लाखांचं सानुग्रह अनुदान, सेवा निधी, उरलेल्या काळाचा पगार. रक्कम मोठी आहे, हे मी नाकारत नाही. पण त्यात कुटुंबाला पेन्शन नाही. एकरकमी पैसा गावात कसा संपतो हे आम्ही पाहिलं आहे. कर्ज फिटतं, घर बांधून होतं, एखादा नातेवाईक उसने नेतो आणि आठ वर्षांनी म्हातारी पुन्हा वेचणीला जाते. माझ्या मायला ताठ ठेवलंय ते दर महिन्याला येणाऱ्या पेन्शनने.

कर्तव्यावर गेलेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला नियमित सैनिकासारखेच लाभ द्यावेत, अशी शिफारस संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने फेब्रुवारी 2024 मध्ये केली. आमच्या खासदारांनी ती शिफारस पुढे कुठवर नेली, हे त्यांनी गावात येऊन सांगावं. पहिल्या तुकडीची चार वर्षं 2026 संपता संपता भरतात. 75 टक्के पोरं परत येतील. ती आली की त्यांची नोंद कुठे होणार, माजी सैनिक म्हणून तर होणार नाही.

सीआरपीएफ, बीएसएफमधल्या पोरांचंही असंच. पुलवामात 14 फेब्रुवारी 2019 ला जे 40 जवान गेले, त्यात दोघे बुलडाणा जिल्ह्याचे होते. त्यांच्या तिरंग्यात आणि फौजीच्या तिरंग्यात गावाला फरक दिसला नाही. पण 1 जानेवारी 2004 नंतर भरती झालेल्या या जवानांना जुनी पेन्शन नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये ती द्या म्हटलं, तर केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं.

महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात सेवेला मुदत असते, पदनिर्देशित अधिकारी ठरलेला असतो, तीन अपिलं असतात, आणि कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होतो. राज्याच्या हातातली सैनिक कुटुंबांची प्रत्येक सेवा या कायद्याखाली हवी. केंद्राच्या कामांसाठी अर्ज जिल्ह्यातच घ्यावा आणि पुढचा पाठपुरावा त्याच कार्यालयाने करावा. माझ्या मायने कुठे पत्र पाठवायचं हे तिने शोधू नये. आणि हयातीच्या दाखल्यासाठी गावागावात एक दिवस ठरवा. आम्ही सेविका, आशाताई आहोतच. फक्त त्या कामाचं मानधन वेळेवर द्या.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. ठराव इतिवृत्तात आला नाही तर माहिती अधिकारात मागेन. तुमच्या गावातही द्या. नमुना हवा असेल तर मेसेज करा, पाठवते. ज्यांच्या घरचं काम अडलंय त्यांनी खाली गावाचं नाव, कोणता कागद अडला आणि किती महिने झाले एवढंच लिहा. पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर, आधार किंवा खातं नंबर इथे टाकू नका. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या वतीने शेजारच्यांनी लिहा. आबांच्या वतीने पहिली कमेंट मी करते आहे.