सवतीच्या खोलीत राणीची तसबीर

गेल्या उन्हाळ्यात आईबाबा पॅरिसला आमच्याकडे आले होते तेव्हा त्यांना शनोन्सोचा वाडा दाखवायला नेलं. आदल्याच रात्री फॅमिली ग्रुपवर तो नेहमीचा फॉरवर्ड, वर फ्रान्समधला चकाचक राजवाडा, खाली आपल्या गडावरची पडकी भिंत आणि प्लास्टिकच्या बाटल्या, "आपण कधी सुधारणार?" बाबांनी अंगठा पण दिलेला.

आता शनोन्सो हा काही गड नाही, शेर नदीवर कमानींवर उभा असलेला वाडा आहे. १५४७ ला आन्री दुसरा गादीवर आला आणि त्याने तो दिला कुणाला, तर राणीला नाही, त्याच्याहून जवळपास वीस वर्षांनी मोठ्या प्रेयसीला, दियान द प्वातिएला. तिने नदीवर पूल बांधून घेतला, बाग लावली आणि राणी कॅथरीन दे मेदिची बघत बसली. मग १५५९ ला भाल्यांच्या खेळात डोळ्यात तुकडा घुसून राजा गेला, आणि कॅथरीनबाईंनी दियानच्या गळ्यात शोमोंचा वाडा मारून हा काढून घेतला, वर तिच्याच पुलावर ६० मीटर लांब हॉल चढवला! मी हे सगळं मराठीत सांगतोय आणि आई मध्येच, "बरी जिरवली."

आज तिथे दोघींच्या नावाच्या दोन बागा आहेत. दियानच्या बेडरूममध्ये फायरप्लेसच्या वर तसबीर मात्र कॅथरीनची. राजाराणीची अक्षरं एच (आन्री म्हणजे Henri) आणि सी अशी गुंफलीयेत की जरा डोळे बारीक केले की त्यात चक्क दियानचा डी दिसतो. तेवढ्यासाठी लोक माना वर करून उभे असतात.

मला हेवा वाटतो तो याचा. दगड काय, फ्रेंचांनीही कमी घालवले नाहीत, याच कॅथरीनने बांधायला घेतलेला पॅरिसमधला त्युइलरी राजवाडा १८७१ ला पॅरिसच्याच लोकांनी जाळला. आणि आपला रायगड १८१८ ला इंग्रजांच्या तोफांनी भाजला, त्याचा हिशोब फॉरवर्डमध्ये कुणी धरत नाही. शनोन्सो आजही खाजगी मालकीचा आहे, मनिए नावाच्या चॉकलेटवाल्या घराण्याने १९१३ ला घेतला, पहिल्या महायुद्धात त्याच लांब हॉलमध्ये जखमी सैनिकांच्या खाटा टाकल्या. वापरात राहिलेली वास्तू टिकते, साधं आहे.

पण आपल्याकडे राजाच्या घरातलं काही बोलायचं म्हटलं की कुणाच्या तरी भावना दुखावतातच. मग गाईड पण बिचारा तारखा आणि जयजयकार यापलीकडे जात नाही, पोरं कंटाळून रील काढतात. इथे राजाचं लफडं सांगितलं म्हणून त्याचा मान कमी झाला असं कुणाला वाटत नाही. (कॅथरीनच्या काळातल्या १५७२ च्या प्रोटेस्टंटांच्या कत्तलीबद्दल आमच्या टूरमध्ये जेमतेम दोन वाक्यं होती हेही सांगतो, सोयीचं विसरणं यांनाही जमतं.)

परतीच्या ट्रेनमध्ये आई अचानक म्हणाली, "अहो, शनिवारवाड्याला मस्तानी दरवाजा आहे, मग मस्तानी राहायची नेमकी कुठे?" बाबा म्हणाले, कोथरूडच्या महालातलं काहीतरी केळकर म्युझियममध्ये आणून ठेवलंय ना.

"तुम्ही बघितलंय?"

चाळीस वर्षं पुण्यात काढलेला माणूस खिडकीबाहेर बघायला लागला.