गच्चीवरचं पाणी जातं कुठून? प्रभादेवीच्या वाचकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पन्हळी तुंबल्यामुळे छत कसं गळतं, या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि थोडं रागावून लिहिलंत. त्याला दोन ओळींत उत्तर देणं मला बरोबर वाटलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. पन्हळी कोकणातल्या कौलारू घरांना असतात, मुंबईतल्या स्लॅबच्या इमारतींना नाही. स्लॅब गळतो तो वॉटरप्रूफिंगचं आयुष्य संपल्यामुळे. आणि 'आधी पाईपची तोंडं बघा' असं सांगून मी सोसायट्यांना मोठं काम टाळायला निमित्त देते. तुम्ही स्वतः सेक्रेटरी आहात. दोन वर्षांपूर्वी संपूर्ण गच्चीवर नवा कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा वॉटरप्रूफिंगचा थर, करून घेतलात, तरी या जूनमध्ये जिन्यालगतच्या खोलीत पुन्हा ओल आली, हेही तुम्ही लिहिलंय. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते या शेवटच्या वाक्याबद्दल.

स्लॅबला वळचणीची पन्हळ नसते, हे खरं. पण तिचं काम तिथे गच्चीचा उतार, कठड्याच्या कडेचा वाटा (गच्ची आणि कठडा जुळतात तिथला सिमेंटचा गोलसर भराव), जाळी आणि भिंतीवरून खाली येणारा पाईप मिळून करतात. यातलं एक जरी बिघडलं तरी पाणी गच्चीवर थांबतं. मुंबईत सांताक्रूझला पावसाळ्यात 2,200 मिलिमीटरहून जास्त पाऊस सरासरी पडतो, आणि तो चार महिने सारखा वाटून पडत नाही. 26 जुलै 2005 ला तिथे एका दिवसात 944 मिलिमीटर पडला होता. तितका टोकाचा दिवस सोडून देऊ. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमची गच्ची 200 चौरस मीटरची धरली आणि तासाला 100 मिलिमीटरच्या वेगाने सर आली, तर तासाभरात 20,000 लिटर पाणी तिच्यावर उतरतं. त्या वेगाच्या पावसात चार इंची पाईप साधारण 43 चौरस मीटरचं पाणी वाहून नेतो, असं आपल्याकडच्या बांधकाम संहितेतला तक्ता सांगतो. म्हणजे पाच पाईप हवेत. जुन्या इमारतींच्या गच्चीवर मला बहुतेक वेळा दोन किंवा तीन दिसतात, आणि त्यातल्या एखाद्याच्या तोंडात कबुतरांच्या पिसांचा आणि काड्यांचा बोळा असतो.

आता तुमच्या कोब्याकडे येते. जुना कोबा न काढता त्यावर नवा थर घातला असेल तर गच्चीची पातळी तीन-चार इंच वर येते. पाईपचं तोंड मात्र जुन्याच जागी, खाली राहतं. मिस्त्री त्याच्याभोवती माल भरून उतार जुळवतो, आणि त्या गडबडीत चार इंचाचं तोंड तीन इंचाचं होतं. बघताना फरक किरकोळ वाटतो, पण त्याच तक्त्यानुसार तीन इंची पाईप वीस चौरस मीटरच सांभाळतो, म्हणजे निम्म्याहून कमी. शिवाय पातळी वर आल्यामुळे जिन्याच्या दाराचा उंबरा तेवढाच बुटका झालेला असतो. मोठ्या सरीत पाणी दोन-तीन इंच साचलं की ते वाट्याच्या वर चढतं, कठड्याच्या प्लास्टरमधल्या बारीक भेगेत शिरतं, नाहीतर सरळ उंबरा ओलांडतं. दोन्ही वेळा ओल दिसते ती जिन्यालगतच्याच खोलीत. वर केलेलं वॉटरप्रूफिंग यात अजिबात फाटलेलं नसतं. पाणी त्याच्या कडेवरून आत आलेलं असतं.

तुमच्या इमारतीत नेमकं हेच झालंय, असं मी न बघता म्हणणार नाही. पण ओळखायची एक रीत आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. ओल कधी येते आणि कधी थांबते, हे त्या खोलीत राहणाऱ्यांनी लिहून ठेवावं. जोराच्या सरीत तासाभरात पाणी झिरपायला लागलं आणि पाऊस थांबल्यावर लवकर आटलं, तर पाणी कुठूनतरी ओसंडतंय. रिमझिम पावसात काहीच होत नसेल, तर हा संशय आणखी पक्का. पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाले तरी थेंब पडत राहत असतील, तर कोब्यात पाणी मुरून बसलंय, आणि तिथे तुमचंच म्हणणं खरं: वॉटरप्रूफिंग गेलंय, ते करायलाच हवं. डिसेंबरातही ओल असेल तर पावसाला दोष देऊ नका, टाकीची लाईन किंवा संडास-बाथरूम बघा.

पाईप बंद करून गच्चीवर पाणी साठवून गळतीची चाचणी करायची तर एक काळजी घ्या. पाईपच्या तोंडातच फडकं कोंबलं की पाईप आणि स्लॅब यांच्यामधला सांधा कोरडाच राहतो, आणि गळती अनेकदा तिथूनच असते. बूच त्या सांध्याच्या खाली, पाईपच्या आत बसलं पाहिजे. चार इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला शंभर किलो वजन, त्यामुळे जुन्या, सळ्या उघड्या पडलेल्या स्लॅबवर इंजिनिअरला विचारल्याशिवाय हे करूच नका.

पत्र्याच्या शेडबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण अनेक गच्च्यांवर आता ती आहे आणि तिला खरीखुरी पन्हळ असते. कठडा आणि पत्रा यांच्यामध्ये बसवलेल्या पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा खाली हवी. म्हणजे तुंबली तरी पाणी बाहेर सांडेल. उलट बसवली की पहिल्याच मोठ्या सरीत पाणी आत. पत्र्याचं टोक पन्हळीत दोनेक इंच पुढे आलेलं हवं, नाहीतर पाणी पत्र्याच्या खालच्या बाजूला चिकटून मागे येतं आणि लोक विनाकारण स्क्रूच्या वायसरांवर डांबर फासत बसतात.

आणि पिंपळ. बिडाच्या जुन्या पाईपच्या सांध्यात उगवलेलं रोप वरून कापू नका, सांध्यासकट पाईपचा तुकडा बदला. मूळ आत राहिलं की ते पुन्हा फुटतं, सांधा आणखी उघडतो, आणि ओल मग चौथ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या भिंतीत दिसते. तिथली माणसं वरच्यांशी भांडतात आणि वरच्यांकडे तर सगळं कोरडं असतं.

खर्च टाळायला मी निमित्त देते, हा तुमचा आरोप मला लागला, कारण माझा हेतू नेमका उलटा आहे. सर्वांत वरच्या मजल्यावरचं कुटुंब दर पावसाळ्यात घरभर बादल्या मांडतं, कपाटं भिंतीपासून ओढतं, लहान मुलांचा खोकला जात नाही. सोसायटी वर्गणी काढून एकदा लाखो रुपये घालते. दोन वर्षांनी तीच ओल परत आली की पुढच्या सभेत खालचे सभासद म्हणतात, 'आता आम्ही एक पैसा देणार नाही.' चुकीच्या जागी केलेल्या कामाचा खरा फटका त्या कुटुंबाला असा बसतो. तोवर आत सळ्या गंजत असतात. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत ते आणखी वेगाने होतं, आणि गंजलेलं लोखंड फुगून काँक्रीटचे पोपडे पाडतं. पावसाच्या पाण्याची गळती, वरच्या मजल्यावरची गच्चीतून येणारी ओलसुद्धा, दुरुस्त करणं सोसायटीच्याच खर्चाने व्हायचं असतं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या नमुना नियमावलीत, ते लिहिलेलं आहे, त्यामुळे त्या कुटुंबाला 'तुमचं तुम्ही बघा' असं कोणी म्हणू शकत नाही.

तुम्ही पुन्हा कोटेशन मागवणार आहात असं लिहिलंय. या वेळी पाईपचं काम 'गच्चीचे वॉटरप्रूफिंग' या एका ओळीत गुंडाळू देऊ नका. जुना थर काढणार की नाही, किती पाईप, प्रत्येकाचं तोंड आतून किती इंच राहणार, उतार कुठून कुठे, जिन्याचा उंबरा तयार पातळीपासून किती वर, हे वेगवेगळ्या ओळींत लिहून मागा. काम झाल्यावर शेवटचा हप्ता देण्याआधी प्रत्येक पाईपमध्ये नळीने पाणी सोडून खाली गटारापर्यंत माणूस उभा करा. कोटेशन हातात आलं की मला पाठवा, मी वाचून सांगेन.