बारा तास चार्जिंग, तासातासाला रिफ्रेश: एका फॉरवर्डचा समाचार

बारावीचा निकाल लागून इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले, की नागपूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. 'नवीन लॅपटॉप घेतला? हे नियम पाळा, नाहीतर सहा महिन्यांत भंगार!' खाली ओळीनं फर्मानं. पहिल्यांदा बारा तास चार्ज करा. बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय पुन्हा चार्जिंगला लावू नका. चार्जर लावून काम करू नका. उन्हाळ्यात कूलरसमोर ठेवा. हाताला झिणझिण्या आल्या तर पीस खराब, बदलून घ्या. मोबाइलचा टाइप-सी चार्जर चुकूनही लावू नका. बटण दाबून बंद केलं तर मदरबोर्ड उडतो. तासातासाला रिफ्रेश मारा. मराठीसाठी सॉफ्टवेअर विकत घ्या. आणि शेवटी 'जनहितार्थ जारी'.

यातली निम्मी फर्मानं कधीकाळी, दुसऱ्याच कुठल्या यंत्रासाठी, ठीक होती. यंत्रं बदलली, फर्मानं तशीच राहिली. ज्या घरात पहिलाच लॅपटॉप येतो तिथे हे वाचून मंडळी बटणाला हात लावायला घाबरतात, आणि ज्यानं लॅपटॉपचं खरोखर नुकसान होतं त्याचा या यादीत उल्लेखच नाही. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

'पहिल्यांदा बारा तास चार्ज करा.' हा नियम निकेलच्या बॅटऱ्यांचा. त्या सावकाश भरायच्या, आणि अर्धवट वापरून पुन्हापुन्हा भरल्या की त्यांची क्षमता आकसल्यासारखी व्हायची. लॅपटॉपमध्ये आज असते ती लिथियम-आयन बॅटरी. ती सोनीनं १९९१ मध्ये बाजारात आणली, आणि तिच्यामागच्या संशोधनासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना मिळालं. तिला तो आकसण्याचा रोग नाही. १०० टक्के झाल्यावर आतलं सर्किटच चार्जिंग थांबवतं, त्यामुळे दोन तासांत भरलेली बॅटरी पुढचे दहा तास बोर्डाला लटकवून जास्तीचं काहीच पोटात घेत नाही.

या फर्मानात सत्याचा एक कण आहे, तो वेगळ्या कारणानं. बरेच लॅपटॉप कारखान्यातून बॅटरी जणू झोपवून पाठवलेले असतात. चार्जर लावल्याशिवाय ते चालूच होत नाहीत. खोक्यातून काढून बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, तर लगेच बर्डीच्या बाजारात दुकानदाराशी भांडायला निघू नका. आधी चार्जर लावा, मिनिटभर थांबा, मग दाबा.

'पूर्ण उतरल्याशिवाय लावू नका.' हे निव्वळ उलटं आहे. लिथियम बॅटरीला शून्यापर्यंत रिकामं होणं मानवत नाही. वीस-तीस टक्क्यांवर आली की लावा, मध्येच काढा, पुन्हा लावा, तिला चालतं. आणि आपल्याकडे लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही. ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी नियम पाळायचा म्हणून पाच टक्क्यांवर बसून राहणाऱ्याला काय म्हणावं, बाप्पा?

'चार्जर लावून काम करू नका.' खुशाल करा. बॅटरी भरल्यावर लॅपटॉप मुख्यतः चार्जरच्या विजेवरच चालतो. मात्र बॅटरी कायम १०० टक्क्यांवर आणि सोबत उष्णता, ही जोडी तिला लवकर म्हातारी करते. त्यावर इलाज कंपन्यांनीच दिलाय. लेनोव्हो, आसुस, डेल, एचपी अशा बहुतेकांच्या सेटिंगमध्ये किंवा त्यांच्या अॅपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय असते. दिवसभर टेबलावरच काम असेल तर ती चालू करा आणि विसरून जा. गावाला जायच्या आदल्या रात्री बंद केली की झालं.

उष्णतेचं मात्र नागपुरात नुसतं बोलून भागत नाही. मे २०१३ मध्ये इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. (२०२४ च्या मे अखेरीस फिरलेला ५६ अंशांचा आकडा सेन्सरच्या बिघाडाचा होता, हे हवामान खात्यानं सांगितलं, तो फॉरवर्ड अजूनही अधूनमधून येतो.) अॅपल आपल्या मॅकबुकसाठी चालवतानाचं भोवतालचं तापमान १० ते ३५ अंश सांगते, आणि इतर कित्येक कंपन्यांचा आकडाही त्याच घरातला आहे. म्हणजे मे महिन्यात वरच्या मजल्यावरची, स्लॅब तापलेली खोली दुपारी ही मर्यादा सहज ओलांडते. अशा वेळी लॅपटॉप संथ होतो, पंखा घोंघावतो, आणि घरात कुणीतरी म्हणतं व्हायरस आला. बऱ्याचदा प्रोसेसर तापलेला असतो आणि स्वतःला वाचवायला त्यानं आपला वेग कमी केलेला असतो. गादीवर, रजईवर ठेवला तर खालची हवा घ्यायची जाळीच बुजते. टेबल नसेल तर पाट चालेल, जाड पुठ्ठाही चालेल. आणि दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत लॅपटॉप ठेवून कुणाकडे जेवायला जाऊ नका. या यादीत एकच नियम ठेवायचा झाला तर मी हा ठेवीन.

'कूलरसमोर ठेवा.' यातला हेतू चांगला. कूलरनं खोली गार झाली की लॅपटॉपलाही बरं वाटतं, आणि मेच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो. पण ऐन झोतासमोर नको. जाळीतून पाण्याचे तुषार उडतात, धूळ येते, आणि लॅपटॉपचा पंखा ते सगळं आत ओढतो. कूलर खिडकीत, लॅपटॉप झोताच्या बाजूला, एवढं अंतर पुरे. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर तोच कूलर खोलीत नुसती दमट हवा भरतो, तेव्हा पंखा बरा.

आता झिणझिण्या. या फर्मानानं लोक चांगले लॅपटॉप परत करायला निघतात, म्हणून जरा सविस्तर. चार्जरच्या आत विजेतला गोंधळ गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात, आणि त्यांतून अत्यंत सूक्ष्म करंट लॅपटॉपच्या धातूच्या अंगापर्यंत झिरपतो. प्लगची तिसरी, जाड आणि लांब पिन त्याला जमिनीत नेण्यासाठी असते. बोर्डाला अर्थिंगच नसेल, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीत खुपसला असेल, तर तो करंट तुमच्या मनगटातून वाट शोधतो. मग हलकेच बोट फिरवलं की खरखरीत, मुंग्या आल्यासारखं लागतं.

तपासायला सोपं आहे. चार्जर काढून बॅटरीवर चालवा. झिणझिण्या तत्काळ थांबल्या तर दुसऱ्या खोलीत, शक्य असेल तर दुसऱ्या घरात, त्याच चार्जरनं चालवून बघा. तिथे येत नसतील तर लॅपटॉप निर्दोष आहे आणि तुमच्या बोर्डाला इलेक्ट्रिशियन लागतो. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी ठणठणीत होते, आणि कोरड्या मातीत अर्थिंग नीट काम करत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायची जुनी सवय त्यासाठीच आहे. काही टाइप-सी चार्जर मुळातच दोन पिनांचे येतात. त्यांच्यावर धातूच्या लॅपटॉपला थोडी झिणझिण जाणवू शकते, अर्थिंग कितीही चांगलं असलं तरी. पण झटका बसला, हात मागे ओढला गेला, तर ही सूक्ष्म करंटची गोष्ट नाही. खटका बंद करा, आणि चार्जर व बोर्ड दोन्ही दाखवून घ्या.

'मोबाइलचा टाइप-सी चार्जर लावला तर लॅपटॉप जळतो.' टाइप-सी चार्जर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट देतो. मग चार्जर आणि लॅपटॉप एकमेकांशी बोलतात: मी इतकं देऊ शकतो, मला इतकं हवं. जमलं तरच व्होल्टेज ९, १५, २० असं वर चढतं. फोनचा २५ वॉटचा चार्जर लावला तर लॅपटॉप सावकाश चार्ज होतो, किंवा 'हा चार्जर कमी पडतोय' म्हणून सांगतो, किंवा सरळ दुर्लक्ष करतो. फोनच्या ६७ किंवा ८० वॉटच्या चार्जरवर भुलू नका. त्यातले बरेच पूर्ण ताकद आपल्याच कंपनीच्या फोनला देतात, इतरांना हात आखडता. उलट लॅपटॉपच्या ६५ वॉटच्या टाइप-सी चार्जरवर फोन बिनधास्त लावा.

केबलचंही बघा. साधी टाइप-सी केबल ६० वॉटपर्यंतची. त्यापुढे आत चिप असलेली केबल लागते. चार्जर १०० वॉटचा आणि केबल कुठल्यातरी फोनसोबत आलेली, असं असेल तर वेग केबल ठरवते. रस्त्यावरच्या बिननावाच्या चार्जरबद्दल मात्र फॉरवर्डवाल्यांची भीती मला मान्य आहे.

याच मुद्द्याला चिकटलेला, दुकानात ऐकू येणारा एक उलटा दावाही आहे: 'टाइप-सी आहे ना, मग टीव्ही-प्रोजेक्टर सगळं लागतं.' नाही लागत. दोन छिद्रं दिसायला सारखी असली तरी एकातून फक्त डेटा जातो, दुसऱ्यातून चार्जिंग आणि चित्रही. बाजूची खूण बघा. विजेचा बाण असेल तर थंडरबोल्ट, म्हणजे चित्र, डेटा सगळं. इंग्रजी डी आणि पी एकमेकांत गुंतलेले असतील तर मॉनिटर लागेल. खूण नसेल तर मॅन्युअल उघडा. कॉलेजच्या प्रोजेक्टरसाठी एचडीएमआयचं छिद्र असलेलं बरं. तेही लावून पडदा काळा राहिला तर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबा आणि 'डुप्लिकेट' निवडा.

'बटण दाबून बंद केलं तर मदरबोर्ड उडतो.' एकदा दाबून सोडलं तर लॅपटॉपला निरोप जातो, आणि विंडोजवर बहुधा तो झोपी जातो. काही उडत नाही. काही सेकंद दाबून धरलं तर वीज तुटते. तेव्हा न साठवलेलं काम जातं, म्हणून ते मशीन पूर्ण गोठल्यावरच. फॉरवर्डमध्ये नसलेली, पण जास्त कामाची गोष्ट अशी की विंडोज ८ पासून 'शट डाउन' हे पूर्ण बंद होणं राहिलेलं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर प्रणालीचा काही भाग डिस्कवर साठवून तो पुढच्या वेळी तसाच उचलला जातो. वायफाय रुसलं, प्रिंटर ऐकेना, तर शट डाउन करून काही होत नाही, 'रीस्टार्ट' करा. आणि झाकण मिटलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला असं समजून तो बॅगेत कोंबू नका. तो फक्त झोपलेला असतो, कधीकधी आत जागाही होतो, आणि मग बॅग तापते.

'तासातासाला रिफ्रेश मारा.' डेस्कटॉपवरची चिन्हं पुन्हा मांडली जातात. बस्स. मेमरी मोकळी होत नाही, वेग वाढत नाही. हाताला चाळा हवा असेल तर मारा.

घाबरलेल्या माणसाला दुकानापर्यंत नेणाऱ्या कित्येक 'बिघाडां'चं मूळ वरच्या रांगेतल्या बटणांत असतं. चुकून विमानाचं चित्र दाबलं की वायफाय गेलं. टचपॅडवर रेघ मारलेलं चित्र दाबलं की 'माऊस मेला'. तेच बटण पुन्हा दाबा. नाही झालं तर डाव्या कोपऱ्यातलं एफएन धरून दाबा. टचपॅडवर दोन बोटं सरकवली की पान सरकतं, दोन बोटांनी टिचकी मारली की उजवा क्लिक. एवढं कळलं की पहिला आठवडा निघतो.

राहिलं मराठी. सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. इनस्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे ठरलेल्या बटणावर थेट मराठी अक्षर देणारा, तर आहेच, आणि २०१९ च्या अपडेटपासून फोनेटिकही आलाय, इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणारा. विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजी-मराठी अदलाबदल. रुपयाचं चिन्ह हवं असेल तर इंग्रजी (भारत) कीबोर्डवर कंट्रोल, ऑल्ट आणि ४.