हॅलोवीन, ड्रुइड आणि दरवर्षी फिरणारा तो मजकूर

ऑक्टोबर अर्धा सरला की एक मजकूर फोनवर फिरू लागतो. त्याचा आशय असा: हॅलोवीन हा सेल्टिक (आयर्लंड-ब्रिटनसह पश्चिम युरोपातल्या प्राचीन) लोकांचा दोन हजार वर्षांपूर्वीचा सण. त्यांचे पुरोहित, म्हणजे ड्रुइड, 31 ऑक्टोबरच्या रात्री ‘सॅमहेन’ नावाच्या मृत्युदेवाला माणसांचे बळी देत. भुतांना चकवायला लोक सोंगं घेत आणि भोपळे कोरून त्यात दिवे लावत. पुढे चर्चने हा सण पळवला आणि त्याला संतांचं नाव दिलं. शेवटी खास आपल्यासाठी दोन ओळी: हा त्यांचा पितृपक्षच होता, आणि हा काळ्या जादूचा विधी असल्याने मुलांना यात पाठवू नका.

पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण आयर्लंडच्या जुन्या वाङ्मयावर माझं प्रेम आहे आणि त्याच्या नावावर काहीही खपवलेलं बघवत नाही. म्हणून एकेक दावा घेते.

‘सॅमहेन हा मृत्युदेव’. असा देव नव्हता. ‘सॅमहेन’ असं वाचलं जाणाऱ्या त्या आयरिश शब्दाचा खरा उच्चार साधारण ‘साविन’ असा, आणि साविन हा वर्षातला एक दिवस आहे. आयरिश वर्षाचे चार टप्पे असत: फेब्रुवारीत इम्बोल्क, मेमध्ये बेल्टेन, ऑगस्टमध्ये लुनासा आणि नोव्हेंबरच्या तोंडावर साविन. गुरं उन्हाळी कुरणांवरून घरी आणायची, हिवाळ्याची बेगमी करायची, असा तो काळ. आजही आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्याला हेच नाव आहे. ‘मृत्युदेव’ ही कल्पना अठराव्या शतकातल्या चार्ल्स वॅलन्सी या ब्रिटिश लष्करी इंजिनिअरच्या लिखाणातून पसरली. आयरिश भाषेचा संबंध तो फिनिशियन लोकांशी, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या प्राचीन व्यापाऱ्यांशी, जोडत असे. आयर्लंडचा प्राचीन इतिहास संस्कृत ग्रंथांवरून सिद्ध करण्याचा घाटही त्याने 1797 साली घातला होता. ड्रुइड आणि वैदिक ऋषी एकच, असं सांगणाऱ्यांनी हा वारसा ध्यानात घ्यावा.

मग साविनला लोक करत काय? कू खुलिन या वीराच्या आजारपणाची एक जुनी कथा आहे. तिच्या सुरुवातीलाच उल्स्टरच्या, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या, योद्ध्यांचा मेळा भरतो: साविनच्या आधीचे तीन दिवस, साविन आणि नंतरचे तीन दिवस. या सात दिवसांत खेळ, सभा, खाणंपिणं आणि बढाया, दुसरं काही नाही. मारलेल्या शत्रूच्या जिभेचा शेंडा प्रत्येकाने बटव्यात घालून आणायचा आणि सर्वांसमोर आपला पराक्रम सांगायचा. काहीजण आकडा वाढवायला त्यात गुरांच्या जिभाही मिसळत! म्हणून बोलताना तलवार मांडीवर आडवी ठेवायची, कारण खोटं बोलणाऱ्यावर त्याचीच तलवार उलटते अशी समजूत होती. इतकं जिवंत, रांगडं चित्र उपलब्ध असताना कोणी तरी बनवलेला मृत्युदेव कशाला हवा?

भीतीचा भाग मात्र खरा आहे, तो नाकारू नये. साविनच्या रात्री परलोकाचे टेकड्यांमधले दरवाजे उघडतात, असं या कथांमध्ये वारंवार येतं. नेरा नावाच्या तरुणाची गोष्ट घ्या. क्रुआखनच्या राजवाड्यात राजा पैज लावतो: आदल्या दिवशी फाशी दिलेल्या कैद्याच्या पायाला आज रात्री वेलीचं कडं बांधून येईल त्याला बक्षीस. बाकीचे बाहेर पडून घाबरून परततात. नेरा जातो, तेव्हा ते प्रेतच बोलू लागतं आणि प्यायला पाणी मागतं. अंगावर काटा आणणारी गोष्ट आहे. पण ती लिहून ठेवली ख्रिस्ती मठांच्या परंपरेतल्या लेखनिकांनी, आयर्लंड ख्रिस्ती झाल्यावर काही शतकांनी. ड्रुइडांनी स्वतः एक ओळही लिहून ठेवलेली नाही. या कथांवरून मध्ययुगीन आयरिश माणूस साविनबद्दल काय मानत होता ते कळतं. इसवी सनाच्या आरंभी ड्रुइड त्या रात्री काय करत, याचा पुरावा त्या होऊ शकत नाहीत.

‘माणसांचे बळी’. इथे तीन वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे. ज्युलियस सीझरने गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, लोकांबद्दल लिहिलं की ते फांद्यांच्या अवाढव्य आकृतीत जिवंत माणसं कोंडून जाळतात. तो त्यांना जिंकायला निघालेला सेनापती होता, हा मुद्दा आहेच. शिवाय त्याने कुठल्याही सणाचं नाव घेतलेलं नाही. दुसरी गोष्ट स्थळांच्या नावांविषयीच्या मध्ययुगीन आयरिश पद्यांतली. क्रोम क्रुआख या मूर्तीपुढे लोक आपली मुलं बळी देत आणि तिथेच साविनच्या वेळी तिगर्नमस राजा आपल्या माणसांसह मेला, असं त्यात आहे. बाराव्या शतकातल्या ख्रिस्ती कवींनी जुन्या धर्माविषयी सांगितलेली ही गोष्ट आहे. आणि तिसरी, सतराव्या शतकातला आयरिश इतिहासकार जेफ्री कीटिंग याची: त्लाख्तगाच्या टेकडीवर साविनच्या आदल्या रात्री ड्रुइड जमून आगीत बळी देत, असं त्याने लिहिलं. म्हणजे ड्रुइड संपून हजार वर्षं उलटल्यावर. या तिघांना सांधून ‘दोन हजार वर्षांचा विधी’ उभा करता येत नाही.

‘चर्चने सण पळवला’. हा दावा सर्वांत लोकप्रिय, अनेक सुशिक्षित लोकही तो सहज बोलून जातात. हॅलोवीन म्हणजे 1 नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची आदली रात्र. आता तारखा बघा. रोममधलं पँथिऑन हे मंदिर चर्च म्हणून येशूची आई मारिया आणि हुतात्म्यांना अर्पण झालं 13 मे 609 रोजी, आणि तिथे हुतात्म्यांचा सण मे महिन्यातच होत असे. सर्व संतांचा सण 1 नोव्हेंबरला साजरा होत असल्याचे उल्लेख इ.स. 800च्या सुमाराला मिळतात, तेही इंग्लंड आणि जर्मनीकडचे. अल्क्विन हा विद्वान त्या सुमारास साल्झबुर्गच्या बिशपला या तारखेचा आग्रह धरतो. 835 साली सम्राट लुई द पायसने ती फ्रँकिश साम्राज्यात लागू केली.

आणि आयर्लंड? तिथे याच काळात, 800च्या आसपास, संतांच्या स्मरणदिनांच्या याद्या तयार झाल्या. त्यांत सर्व संतांचा दिवस आहे 20 एप्रिल! साविन गिळण्यासाठी 1 नोव्हेंबर निवडला असता, तर सुरुवात साविन पाळणाऱ्या आयर्लंडमधून व्हायला हवी होती. प्रत्यक्षात तिथलेच पाद्री संतांना वसंतात आठवत होते, आणि नोव्हेंबरची तारीख रुजली ती ज्यांचा साविनशी संबंध नव्हता अशा जर्मन प्रदेशांत. ब्रिटिश इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी हा मुद्दा मांडून बरीच वर्षं झाली. तरी मजकूर दरवर्षी तसाच येतो.

‘त्यांचा पितृपक्ष’. जुन्या आयरिश कथांत साविनला पूर्वजांना अन्न दिल्याचं वर्णन नाही. तिथे येतात ते टेकड्यांमधले अद्भुत लोक, घरचे मेलेले आजोबा-पणजोबा नव्हेत. साविन हा मृतांचा सण असल्याचं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेम्स फ्रेझर या मानववंशशास्त्रज्ञाने लोकप्रिय केलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीशी मृतांचं नातं ठामपणे जोडलं ते फ्रान्समधल्या क्लुनी मठाचा प्रमुख ओडिलो याने, दहाव्या शतकाच्या अखेरीस. 2 नोव्हेंबरला सर्व मृतांसाठी प्रार्थना करायचा नेम त्याने आपल्या मठांना घालून दिला आणि तो युरोपभर पसरला. इंग्लंडात त्या दिवसांत गोरगरीब दारोदार जात, घरचे त्यांना छोटे केक देत आणि ते त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करत. पितृपक्षाशी तुलना करायचीच असेल तर या दिवसाशी करा. तो बघायला लांब जायलाही नको: वसईत आणि गोव्यात 2 नोव्हेंबरला ख्रिस्ती कुटुंबं कबरी स्वच्छ करतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात.

‘भोपळे’. लाल भोपळा मूळचा अमेरिकेचा. कोलंबसाच्या आधी युरोपात तो नव्हताच, ड्रुइडांच्या हाती कुठून येणार? आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये सलगम कोरत. तिथून अमेरिकेत गेलेल्यांना मोठा, मऊ भोपळा सापडला.

‘सोंगं आणि खाऊ’. स्कॉटलंडमध्ये या रात्री सोंगं घेऊन हिंडायची रीत सोळाव्या शतकापासून नोंदलेली आहे, त्याआधीची नोंद मिळत नाही. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने 1785 साली या रात्रीवर दीर्घ कविता लिहिली, तिच्यात भुतांपेक्षा लग्नं जास्त आहेत. डोळे मिटून शेतातलं केलचं (कोबीच्या जातीच्या पालेभाजीचं) झाड उपटायचं: दांडा सरळ की वाकडा त्यावरून जोडीदाराची अंगकाठी, मुळाला चिकटलेल्या मातीवरून हुंडा, गाभ्याच्या चवीवरून स्वभाव. शेकोटीत दोन हेझलनट टाकून एकाला आपलं नाव द्यायचं, दुसऱ्याला प्रियकराचं. दोन्ही शेजारी शांत जळली तर संसार सुखाचा, एखादं टणकन उडालं तर जमणार नाही.

‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणत खाऊ मागण्याच्या सुरुवातीच्या नोंदी कॅनडातल्या, 1910 ते 1930 दरम्यानच्या. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात साखरेवर रेशनिंग होतं. ते 1947 साली उठल्यावर ही प्रथा घराघरांत पसरली आणि मिठाईच्या कंपन्यांनी ती उचलून धरली. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये मुलं पिशव्या घेऊन दारं वाजवतात, ती ही प्रथा. मुलांना पाठवायचं की नाही हे ज्याने त्याने घरी ठरवावं. न पाठवण्याची हजार कारणं असू शकतात, पण ड्रुइडांची काळी जादू हे त्यातलं एक नाही.