फुकटचं पाणी

युरोपात पाण्याची बाटली घेताना तिची किंमत रुपयांत मोजायची नाही, असं आम्ही विमानातच ठरवलं होतं. श्कुओलला तो नियम मोडला. स्वित्झर्लंडच्या एन्गाडिन खोऱ्यातलं, साडेबाराशे मीटर उंचीवरचं हे गाव. आसपास वीसेक खनिज झरे. चौकातल्या हौदाला दोन तोट्या: एकीतून साधं पाणी, दुसरीतून खनिज पाणी, तेही फुकट. हे कळल्यावर बायकोच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते आल्प्स बघूनही आलं नव्हतं.

खनिज पाण्याची तोटी कुठली, हे विचारावं लागत नाही. तिच्याखालचा दगड तांबूस झालेला असतो. जे पाणी दगडाला सोडत नाही, ते मला काय सोडणार!

पहिला घोट घेतला. शाळेत असताना सायकलची किल्ली दातांत धरायचो, ती आठवली. फक्त इथे ती सोड्यात विरघळवलेली होती.

"अहो, लोह आहे त्यात. तुमचं हिमोग्लोबिन बघा जरा!"

शेजारच्या तारास्पच्या झऱ्यांत तर सोडियम सल्फेट. एकोणिसाव्या शतकात युरोपातली बडी मंडळी पोट साफ करायला इथे येऊन आठवडेच्या आठवडे राहायची. आमची आजी हेच काम रविवारी सकाळी चमचाभर एरंडेलात उरकायची. हॉटेलबिल नाही, काही नाही, नुसतं नाक दाबायचं.

निघताना बायकोने तीन बाटल्या काठोकाठ भरल्या. स्टेशनापर्यंत त्या माझ्या पाठीवर धडधडत आल्या. लाल आगगाडी व्हेराइनाच्या बोगद्यात शिरली आणि मला नको तेव्हा तहान लागली. झाकण जरासंच फिरवलं. फुस्स! समोरच्या आजोबांचा चष्मा, मिशी आणि पांढराशुभ्र शर्ट लोहयुक्त झाला.

अशा वेळी माणूस खिडकीबाहेर बघतो. पण हा बोगदा १९ किलोमीटरचा. काचेत बघावं तर तिथेही तेच आजोबा, ओले. मला इथल्या रोमांश भाषेतला एकच शब्द येत होता, तो मी खाली मान घालून म्हटला.

"अलेग्रा."

म्हणजे नमस्कार.

आजोबा शांतपणे चष्मा पुसत राहिले. बायकोने त्यांना रुमाल दिला आणि मला दुसरी बाटली.

"ही हळू उघडा."