बोलणाऱ्या पेशंटलाही व्हीटी असते

‘वेगवान ईसीजी एका मिनिटात’ हा फॉरवर्ड आता वॉर्डातल्या इंटर्नच्या खिशात घडी घालून फिरतोय, म्हणून हे लिहावं लागतंय. त्यातले तीन नियम असे: क्यूआरएस (ईसीजीवरची खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची लाट) रुंद, पण बीपी चांगलं तर एसव्हीटी (खालच्या कप्प्यांच्या वरून येणारी वेगवान लय), व्हेरापामिल (ठोके मंदावणारं औषध) द्या; अनियमित असेल तर एएफ (वरच्या कप्प्यांची विस्कळीत लय), रेट उतरवा; रेट १५० च्या वर तर सायनस (हृदयाची नेहमीची लय) नाहीच.

पहिला नियम जीवघेणा आहे. बीपीवरून रिदम कळत नाही. व्हीटीतला, म्हणजे खालच्या कप्प्यांतून उठणाऱ्या धोकादायक वेगवान लयीतला माणूस तासन्‌तास शुद्धीवर राहून नीट उत्तरं देऊ शकतो. क्यूआरएस १२० मिलिसेकंद, म्हणजे तीन छोटे चौकोन किंवा जास्त, तर दहातल्या साधारण आठ वेळा ती व्हीटीच असते. हार्ट अटॅक येऊन गेलेला असेल तर त्याहून अधिक. तिथे व्हेरापामिल दिलं की रक्तवाहिन्या सैलावतात, दमलेल्या हृदयाचा जोर आणखी घटतो आणि चांगलं म्हणून सांगितलेलं बीपी कोसळतं.

म्हणून बीपी सोडा, स्ट्रिप वाचा. व्ही१ ते व्ही६ या छातीवरच्या लीडमध्ये कुठेच आरएस (आधी वर, मग खाली जाणारी क्यूआरएस) नाही? व्हीटी. आहे, पण आरच्या सुरुवातीपासून एसच्या तळापर्यंत अडीच छोट्या चौकोनांहून जास्त? व्हीटी. मग लीड २ ची लांब पट्टी घ्या. एखाद्या टी लाटेच्या उतारावर न शोभणारी खाच दिसली की कागदाच्या कडेवर खूण करा आणि तेवढ्याच अंतराने पुढे सरका. खाचा (म्हणजे वरच्या कप्प्यांच्या पी लाटा) आपल्या चालीने, क्यूआरएस आपल्या चालीने, मध्येच एखादा अरुंद कॅप्चर बीट (वरून नेहमीच्या वाटेने आलेला ठोका): व्हीटीच. हृदयतज्ज्ञ ब्रुगाडांनी १९९१ मध्ये ५५४ टॅकीकार्डियांवर (वेगवान लयींवर) हे निकष पारखले. पुढच्या पडताळण्यांत ते तितके अचूक ठरले नाहीत, त्यामुळे निकषात बसलं नाही म्हणून एसव्हीटी ठरवू नका. शंका उरली तर व्हीटी समजूनच उपचार.

एवढं मात्र मान्य करावं लागेल की फॅसिक्युलर व्हीटी (डाव्या खालच्या कप्प्यातल्या वाहक तंतूंतून उठणारी) व्हेरापामिलने थांबते. पण ती निरोगी हृदयाच्या तरुणांमधली, ईसीजीवर राइट बंडल ब्लॉक आणि लेफ्ट ॲक्सिसची ठरावीक ठेवण असलेली, आणि तीही व्हीटीच!

दुसरा नियम डब्ल्यूपीडब्ल्यू (वरच्या-खालच्या कप्प्यांमधली जन्मजात जादा वाट) विसरतो. अनियमित, रुंद, ठोक्यागणिक आकार बदलणारं आणि कुठे आर-आर (दोन ठोक्यांमधलं अंतर) सहा छोट्या चौकोनांहून कमी दिसलं, तर एव्ही नोड (कप्प्यांमधली नेहमीची वाट) अडवणारं औषध व्हीएफ (खालच्या कप्प्यांची जीवघेणी थरथर) ओढवू शकतं.

तिसरा नियम तर विशीतल्या तापलेल्या मुलाचा १६० चा सायनसही नाकारतो. रेट १५० वर खिळलाय, जराही हलत नाही, तेव्हा २, ३, एव्हीएफ आणि व्ही१ मध्ये फ्लटरच्या (वरच्या कप्प्यांच्या अतिवेगवान, नियमित लयीच्या) लाटा शोधा. दोनांतली एक लाट क्यूआरएसखाली दडलेली असते.